प्रागचं नाटक आणि इंदूताईंचा आवाज

इंदूताई सबनीस मला भेटल्या त्याच्या आधी त्यांचा आवाज भेटला.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. उत्तर लंडनमधल्या एका हॉस्पिटलच्या फार्मसीत मी नुकताच लागलो होतो. फार्मसी तळघरात, आणि बरोबर आमच्या डोक्यावर म्हाताऱ्या माणसांचा वॉर्ड. पहिल्याच सकाळी बाटल्यांवर लेबलं चिकटवत होतो आणि छतातून आवाज आला, "मिसेस कॉलिन्स, हॅव यू ओपन्ड युवर बॉवेल्स टुडे?"

मी दचकलो. शेजारी काम करणारी आयरिश बाई मान वर न करता म्हणाली, "थांब. उत्तरही कळेल."

कळलं. मिसेस कॉलिन्स स्वतः काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, पण पाठोपाठ छतातून गर्जना झाली, "वेल डन! एव्हरीबडी, शी हॅज!" आणि वर कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

दुपारी आवाजाची मालकीण स्वतः खिडकीशी आली तेव्हा मी तिच्यामागे आणखी कुणी उभं आहे का ते बघितलं. कारण समोर होती जेमतेम पाच फुटांची बाई. साडीवर पांढरा कोट, कपाळावर कुंकू, पायात जाड काळे बूट, आणि बूट आणि साडीच्या मधल्या पट्टीत पुरुषांचे राखाडी लोकरी मोजे. ते मोजे त्यांच्या यजमानांचे होते हे मला पुढे कळलं. "लंडनच्या थंडीत साडी नेसायची तर आतून माधवरावच लागतात," असं त्या कुणालाही सांगत. ऐकणारा लाजायचा, त्या नाही.

"ए फार्मसी," त्या म्हणाल्या, "तू मराठी आहेस ना? तुझ्या इंग्लिशवरून कळलं."

तेव्हापासून मी फार्मसी झालो. माणसांना त्या डिपार्टमेंटच्या नावाने हाक मारत. वॉर्डच्या वर एक 'एक्सरे' होता, एक 'फिजिओ' होती आणि 'किचन' नावाचा एक उंच जमैकन माणूस होता, जो त्यांच्यासाठी पुडिंग बाजूला काढून ठेवायचा. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत असावं की नाही याची मला खात्री नाही. घरी फोन आला की माझ्या बायकोला विचारायच्या, "फार्मसी आहे का गं?" बायकोही ते उचलून धरायची, "मिसेस फार्मसी बोलतेय."

आवाजाबद्दल त्यांचं म्हणणं सरळ होतं. "माझे निम्मे पेशंट बहिरे. उरलेले ऐकू येत नाही असं दाखवतात. मी कुजबुजू कुणासाठी?" पण घरी माधवरावांचे कान उत्तम होते, तरी तिथेही तोच आवाज. माधवराव रेल्वेच्या सिग्नलांची डिझाइनं करत. बोलायचं काम घरात एकाकडे सोपवून टाकल्यासारखे ते शांत असत. स्टॅनमोरच्या त्यांच्या घरी जेवायला गेलं की ते फक्त दोन वाक्यं बोलत. येताना "या" आणि जाताना "कोट विसरू नका."

नाटकाचं प्रकरण सुरू झालं ते वॉर्डमधल्या मिस्टर कारेल नावाच्या पेशंटमुळे. मूळचे प्रागचे, घड्याळं दुरुस्त करणारे, खुब्याचं हाड मोडून पडलेले. त्यांना घरी न्यायला चाकांची एक खुर्ची हवी होती. खुर्ची वॉर्डच्या कोपऱ्यात होती, रिकामी. पण ती द्यायची परवानगी ज्या साहेबाने द्यायची तो म्हणे दुसऱ्या इमारतीत बसायचा, आणि त्या इमारतीतले लोक म्हणायचे तो आमच्याकडे नाही. इंदूताई आठवडाभर ओरडल्या. मिस्टर कारेल मात्र हसत होते. त्यांनी उशीखालून एक पातळ पुस्तक काढलं, एका झेक नाटकाचं इंग्रजी भाषांतर, आणि म्हणाले, "डॉक्टर, हे वाचा. आमच्याकडच्या एका माणसाने तुमच्या हॉस्पिटलवर लिहिलंय."

नाटक छोटं होतं. एक माणूस आपली हरवलेली छत्री परत घ्यायला सरकारी कचेरीत येतो. छत्री समोर टेबलावरच आहे. पण छत्री तुमची असेल तर ती तुम्ही पावसासाठी घेतली असणार, आणि पाऊस पडतो हे या कचेरीला मान्य नाही. शेवटी तो बिचारा सही करतो की आपल्या देशात पाऊस पडत नाही, सबब मला छत्री नको. दाराबाहेर पडतो, भिजतो, आणि तिथून ओरडतो, "पाऊस पडतोय!" पडदा.

इंदूताईंनी ते राउंड चालू असताना वाचून काढलं. वॉर्डभर हसत सुटल्या. मग मिस्टर कारेलना विचारलं, "हा लेखक सध्या काय करतो?"

"तुरुंगात आहे."

"कशाबद्दल?"

"लिहिल्याबद्दल."

"अहो, पण हे तर विनोदी आहे!"

"म्हणूनच," मिस्टर कारेल म्हणाले.

हे संभाषण मी तळघरातून ऐकलं, म्हणजे त्यातली इंदूताईंची बाजू; दुसरी त्यांनी मागून सांगितली. नंतर त्या खाली आल्या तेव्हा डोळे लाल होते. मला वाटलं कुणी पेशंट गेला. त्या म्हणाल्या, "फार्मसी, तो माणूस सुटेपर्यंत दरवर्षी आपण हे नाटक करायचं. मराठीत. तू छत्रीवाला."

मी म्हटलं, "ताई, मी कधी नाटकात काम केलेलं नाही."

"उत्तम. छत्रीवाल्यालाही काही येत नसतं."

मराठी मंडळात त्यांनी विषय काढला तेव्हा अध्यक्ष डॉक्टर साठे म्हणाले की गणपतीत लोकांना नाट्यगीतं हवी असतात, छत्र्या नकोत. साठे कान-नाक-घशाचे सर्जन. मराठीचा इतका अभिमान की ऑपरेशन थिएटरला ते 'शस्त्रक्रियागृह' म्हणत आणि मग आत कुणी येतच नसे. मंडळाने नाही म्हटल्यावर इंदूताई म्हणाल्या, "बरं, मग माझ्या हॉलमध्ये करू," आणि साठ्यांनाच कारकुनाची भूमिका देऊन टाकली. ते चिडले आणि कबूल झाले, कारण इंदूताईंच्या भाषांतरात कुणीतरी व्याकरण बघायला हवं होतं.

आमची कंपनी चार जणांची. साहेबाच्या खुर्चीत स्वतः इंदूताई, कारकून साठे, छत्रीवाला मी, आणि नियम वाचून दाखवणारी टायपिस्ट म्हणजे केतकी. ही स्टॅनमोरमध्येच वाढलेली, सॉलिसिटरच्या फर्ममध्ये काम शिकणारी मुलगी. तिचं मराठी आजीकडून ऐकून आलेलं, त्यात लिंगं मात्र वाटेतच गळून पडलेली. ती ठणठणीत वाचायची, "सदर छत्री काळा असून त्याचा मूठ वाकडी आहे."

साठ्यांना घाम फुटायचा. "वाकडी मूठ! काळी छत्री! केतकी, छत्री स्त्रीलिंगी!"

"अंकल, हाऊ डू यू नो?" केतकी मनापासून विचारायची. "छत्रीला बघून कसा कळतो?"

इंदूताई म्हणाल्या, "राहू द्या साठे. सरकारी भाषा अशीच वाटायला हवी. ऐकणाऱ्याला प्रत्येक वाक्यात थोडी भीती वाटली पाहिजे." आणि ते वाक्य तसंच राहिलं, दरवर्षी.

प्रॉम्प्टर माधवराव. सोफ्यामागे बसून ते इतक्या हळू सांगत की मी विसरलेलं वाक्य त्यांच्यापाशीच राहायचं. मग साहेबाच्या खुर्चीतून, भर नाटकात, गर्जना व्हायची, "अहो, मोठ्याने! फार्मसी अडकलाय!" आणि पुन्हा साहेबाच्या आवाजात, "हं, तर तुमचं म्हणणं काय, पाऊस पडतो?" प्रेक्षकांना हा नाटकाचाच भाग वाटायचा. एकाने मला विचारलंही, सोफ्यामागे जो अदृश्य माणूस आहे तो देव का?

घर सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एक भिंत शेजाऱ्याबरोबर वाटून घेतलेली. पलीकडे मिस्टर बेनेट नावाचे एकटे राहणारे निवृत्त पोस्टमास्तर. पहिल्या तालमीला साहेब ओरडला आणि भिंतीवर काठीचा ठोका पडला. ठक. आम्ही गप्प. इंदूताई मात्र खूष. "बरोबर साहेब शिक्का मारतो त्या जागी आला! तसाच ठेवू." त्या शिऱ्याची वाटी घेऊन शेजारी गेल्या आणि बेनेटना म्हणाल्या, असंच दर वेळी जमेल का? बेनेट तक्रार करायला कोट चढवून तयार होते. त्यांनी शिरा खाल्ला, आणखी आहे का विचारलं, आणि नाटकाच्या दिवशी स्वतःची खुर्ची घेऊन आले. भाषा कळत नव्हती, पण शिक्का मारायची वेळ आली की काठी उचलून पुढच्याच्या खुर्चीवर ठोका द्यायचे. एकदाही चुकले नाहीत.

असं आमचं वर्षामागून वर्ष चाललं. मध्ये तो लेखक सुटला. मी म्हटलं, ताई, सुटला, आता थांबायचं का? त्या म्हणाल्या, "पुन्हा धरतील." खरोखरच धरलं. त्यानंतर छत्रीवाला सोडायचा विषय मी काढला नाही.

या सगळ्या गमतीत एक गोष्ट आमच्या उशिरा लक्षात आली. इंदूताई कन्सल्टंटच्या, म्हणजे वॉर्डच्या मुख्य डॉक्टरच्या, जागेसाठी दोनदा इंटरव्ह्यू देऊन आल्या होत्या आणि दोन्ही वेळा ती जागा त्यांच्या हाताखाली शिकलेल्या कुणाला तरी मिळाली होती. तिसऱ्यांदा त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी छत शांत होतं. आयरिश बाईने वर बघितलं. "कुणी मेलं का?"

मी वर गेलो. इंदूताई एका पेशंटशी बोलत होत्या, अगदी मऊ, खालच्या आवाजात. पेशंट कानामागे हात धरून पुन्हा पुन्हा "एह?" म्हणत होता. मला बघून त्या बाहेर आल्या.

"काय झालं ताई?"

"काही नाही. तिसऱ्यांदा नाही मिळालं. एकजण भला माणूस होता, तो जिन्यात भेटून म्हणाला, डॉक्टर, यू आर एक्सलंट. फक्त टीममध्ये तुमचा आवाज जरा जास्त होईल असं बोर्डाला वाटलं." त्या हसल्या. "म्हटलं बघू या कमी होतो का."

आठवडाभर तो आवाज कमी राहिला. त्या आठवड्यात वॉर्डचं जे झालं ते बघण्यासारखं होतं. म्हातारे सुकले. वर्षानुवर्षं तिथेच असलेल्या मिसेस कॉलिन्सने पुडिंग परत पाठवलं. कुणी व्यायामाला उठेना. एका आजोबांनी सिस्टरला बोलावून गंभीरपणे विचारलं, डॉक्टरांना कॅन्सर आहे का, आम्हाला खरं काय ते सांगा. शुक्रवारी सगळ्या वॉर्डने मिळून एक 'गेट वेल सून' कार्ड काढलं. थरथरत्या हातांच्या वेड्यावाकड्या सह्या, आणि खाली एकाने लिहिलेलं, 'वुई कान्ट हिअर यू, डिअर.'

कार्ड वाचून इंदूताई पडद्याआड गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या, पदराने चेहरा पुसला, वॉर्डच्या मध्यभागी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "राइट! हू हॅज ओपन्ड देअर बॉवेल्स?"

तळघरात आयरिश बाईने स्वतःशीच क्रॉसची खूण केली.

एकोणनव्वदच्या हिवाळ्यात प्रागच्या चौकात माणसं जमली. वॉर्डच्या डे-रूममध्ये टीव्ही होता. लाखो लोक खिशातल्या किल्ल्या काढून हवेत वाजवत होते, म्हणजे सरकारला सांगत होते की वेळ झाली, आता घरी जा. इंदूताईंनी सिस्टरच्या कमरेचा औषधांच्या कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा ओढला आणि टीव्हीसमोर उभ्या राहून वाजवायला लागल्या. म्हाताऱ्यांना प्राग कुठे ते माहीत नव्हतं, पण चमचे हातात होते. सगळ्यांनी चहाच्या कपांवर चमचे वाजवले. मिस्टर कारेल तोवर हयात नव्हते. इंदूताई त्यांच्या जुन्या पलंगाकडे बघून बोलल्या, "मिस्टर कारेल, यू शुड सी धिस!" तिथे झोपलेला नवा पेशंट उठून बसला आणि म्हणाला, "काय बघू?"

आणि वर्ष संपायच्या आत तो लेखक तुरुंगातून थेट राष्ट्राध्यक्ष झाला.

साठे म्हणाले, "आता तरी संपलं ना? तो सुटला, राजवाड्यात गेला."

इंदूताई विचारात पडल्या होत्या. "मला त्याचीच काळजी वाटते," त्या म्हणाल्या. "आता तो स्वतः कचेरीत बसणार. शिक्का त्याच्या हातात. त्याला कोण आठवण करून देणार?"

थोड्या वर्षांनी आमच्या भागातल्या कौन्सिलने त्याच्या सन्मानार्थ कला महोत्सव जाहीर केला. आठवडाभर नाटकं, चित्रं, झेक संगीत, आणि कदाचित स्वतः राष्ट्राध्यक्ष येणार. इंदूताई पहिल्याच दिवशी कौन्सिलला पोहोचल्या, साक्षीदार म्हणून मला घेऊन. महोत्सवाचे अधिकारी होते मिस्टर हॅलिडे. मखमली जाकीट, कानात बाळी, अतिशय प्रेमळ माणूस. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "वंडरफुल! एशियन कम्युनिटीचा सहभाग आम्हाला हवाच होता. मी नृत्याचा विचार करत होतो. आणि समोसे."

"समोसे आमच्याकडचे नव्हेत," इंदूताई म्हणाल्या. "आणि आम्ही नाटक करतो. त्याचं."

"पण मराठीत? लोकांना कळणार कसं?"

"तुमचं मुख्य नाटक झेकमध्ये आहे ना? ते तुम्हाला कळणार का?"

हॅलिडे घोटाळले. "ते ऑथेंटिक आहे."

इंदूताई खुर्चीतून उठल्या. तरी त्या बसलेल्या हॅलिडेंएवढ्याच होत्या. "मिस्टर हॅलिडे, तो जेलमध्ये होता तेव्हा आम्ही दरवर्षी त्याचं नाटक माझ्या हॉलमध्ये करत होतो. तुम्ही तेव्हा काय करत होतात?"

काचेपलीकडचं अख्खं ऑफिस थांबलं. हॅलिडे प्रामाणिक माणूस. जरा विचार करून म्हणाले, "मी तेव्हा एका बँडमध्ये होतो."

शेवटी तडजोड झाली. आम्हाला जागा मिळाली, पण थिएटरात नाही. शनिवारी दुपारी, सार्वजनिक लायब्ररीच्या मुलांच्या विभागात. अट एकच, नाटकानंतर खायला हवं. इंदूताईंनी ती मान्य केली. "बटाटेवडे देईन. पण नाटक संपल्यावर. आधी दिले तर खाऊन पळतील."

शनिवार उजाडला, लख्ख उन्हाचा. राष्ट्राध्यक्ष येणार नाहीत हे सकाळीच कळलं. त्यांच्याऐवजी दूतावासाचा कुणी माणूस मेयरच्या भाषणाला बसणार होता. आमच्या प्रेक्षकांत मिस्टर बेनेट, मिसेस फार्मसी, वॉर्डच्या 'किचन'चं कुटुंब आणि चुकून आलेल्या दोन आया. बसायला मुलांच्या बुटक्या लाल खुर्च्या. इंदूताईंनी पडद्याच्या फटीतून, म्हणजे पुस्तकांच्या शेल्फाच्या फटीतून, बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पडलेला मला दिसला.

"एवढेच?"

"हॉलमध्ये तरी किती असायचे?" मी म्हटलं.

"हॉलमध्ये एवढेच पुरायचे रे. तेव्हा तो आत होता."

सुरू करणार इतक्यात दारातून एक उंच, वाकलेला, न मापाच्या सुटातला माणूस आत शिरला. चेहरा पळून आलेल्या शाळकरी मुलासारखा. त्याने दारावरचा कागद वाचला, लेखकाचं नाव वाचलं, खाली 'इन मराठी' वाचलं, पुन्हा लेखकाचं नाव वाचलं, आणि गुडघे हनुवटीशी घेऊन लाल खुर्चीत बसला.

आम्ही सुरू केलं. दुसऱ्याच वाक्याला तो हसला. मला वाटलं योगायोग. पण केतकीने "सदर छत्री काळा असून" म्हटलं तेव्हा तो हसला, साहेब गरजला तेव्हा हसला, मी छत्रीकडे हात नेऊन मागे घेतला तेव्हा मांडीवर थाप मारली. एक शब्द न कळता तो सगळं बरोबर जागी हसत होता. बेनेटनी काठीचा ठोका दिला तेव्हा तर त्याने वळून त्यांच्याशी हात मिळवला. माधवराव बालपुस्तकांमागून काहीतरी कुजबुजले, साहेबाचं "मोठ्याने!" झालं, आणि मी शेवटी दाराबाहेर जाऊन जीव तोडून ओरडलो, "पाऊस पडतोय!"

आत आलो तर तो रडत होता.

इंदूताईंनी त्याला धरून पेशंटसारखं नीट बसवलं. तो दूतावासाचाच माणूस होता, मेयरच्या भाषणातून सटकलेला. मिस्टर यानेक. त्याचं इंग्लिश सावकाश होतं. दूतावासात येण्याआधी कित्येक वर्षं तो प्रागमधल्या एका हॉस्पिटलच्या तळघरात बॉयलर पेटवायचा, कारण त्याने सरकारविरुद्धच्या कुठल्याशा कागदावर सही केली होती. त्या काळात हे नाटक थिएटरात होत नसे. घरांत व्हायचं, स्वयंपाकघरात, पडदे ओढून. छत्रीवाला तो स्वतः असायचा.

"पण तुम्ही करता तसं नाही," तो म्हणाला. "आमच्या भिंती पातळ होत्या. शेजारी पोलिसांना कळवायचा. सगळं नाटक आम्ही असं करायचो." आणि त्याने ओठ जेमतेम हलवून एक वाक्य म्हणून दाखवलं. समोर बसलेल्या मलाही ते ऐकू आलं नाही. "शेवटचं वाक्यसुद्धा. मला वाटायचं हे नाटक असंच आहे, हळू. आज पहिल्यांदा कळलं की ते ओरडायचं आहे."

मी इंदूताईंकडे बघितलं. त्या कोटाच्या बटणाशी चाळा करत होत्या, आणि कोट घातलेला नव्हता, म्हणजे नुसत्याच हवेत. मग म्हणाल्या, "फार्मसी, छत्री यांना दे."

आणि आम्ही नाटक पुन्हा केलं. मी पहिल्यांदाच प्रेक्षकांत बसलो. मिस्टर यानेक झेकमध्ये, आम्ही राहिलेले मराठीत. कुणाचं काही अडलं नाही, उलट साठे म्हणाले, याचं झेक केतकीच्या मराठीपेक्षा शुद्ध वाटतं. पण सवय जुनी. तो कुजबुजतच होता. साहेबाच्या खुर्चीतून इंदूताई दर वाक्याला हात कानामागे नेत, वॉर्डमधल्या पेशंटसारख्या, "लाउडर, मिस्टर यानेक! आय ॲम डेफ!" तो थोडा चढायचा. "लाउडर!" आणखी थोडा. गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या. शेवटी तो दारात गेला, उन्हात, आणि "पाऊस पडतोय" झेकमध्ये म्हणाला, "प्रशी."

"व्हॉट?"

"प्रशी!"

"कान्ट हिअर यू, डिअर!"

"प्रशीऽऽऽ!" तो असा ओरडला की बालविभागाच्या काचा हलल्या आणि बाहेरची कबुतरं उडाली.

लायब्रेरियन बाई धावत आल्या, ओठांवर बोट. "प्लीज! धिस इज अ लायब्ररी!"

मिस्टर बेनेट आपल्या लाल खुर्चीतून काठी टेकत उठले. इतकी वर्षं भिंत ठोकलेला माणूस. ते बाईंना म्हणाले, "मॅडम, यांना थांबवू नका. मी प्रयत्न करून बघितलाय."

अर्ध्या तासाने घामाघूम झालेले मिस्टर हॅलिडे आपला हरवलेला पाहुणा शोधत आले, तेव्हा पाहुणा परीकथांच्या शेल्फाला टेकून जमिनीवर बसला होता, हातात बटाटावडा, आणि केतकी त्याला शिकवत होती, "वडा हा गरम आहे." साठे डोळे मिटून ऐकत होते. वडा पुल्लिंगीच असतो, आणि इतक्या वर्षांत तिचं बरोबर आलेलं ते पहिलं वाक्य.

परत जाताना गाडीत इंदूताई मागच्या सीटवर बसल्या होत्या. स्टॅनमोर आलं तेव्हा माधवराव, गाडी बंद करून, समोर बघत म्हणाले, "आज चांगलं ऐकू आलं." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते तिसरं वाक्य. इंदूताईंनी पुढे वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढला नाही.

त्यानंतर आम्ही ते नाटक केलं नाही. मला लेस्टरला नोकरी मिळाली. इंदूताई कन्सल्टंट न होताच निवृत्त झाल्या. वॉर्डने दिलेल्या निरोपाच्या पार्टीत त्यांनी भाषण केलं, ते म्हणे कार पार्कमध्ये उभ्या असलेल्यांनीही ऐकलं. मी जाऊ शकलो नाही.

त्या मला शेवटच्या दिसल्या त्या नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा. एका लग्नाला हॅरोला आलो होतो, बसच्या वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसलो होतो. झेब्रा क्रॉसिंगपाशी बस थांबली. खाली रस्त्यात इंदूताई होत्या. हिरवी साडी, तेच बूट, आता हातात काठी. दुसऱ्या हाताने त्यांच्याहूनही म्हाताऱ्या एका इंग्लिश बाईचा दंड धरला होता, आणि कोण कुणाला रस्ता ओलांडून नेतंय ते सांगणं कठीण होतं. बरोबर मधोमध आल्यावर इंदूताईंना काहीतरी महत्त्वाचं आठवलं असावं. त्या थांबल्या. काठी उगारून ते सांगू लागल्या. म्हाताऱ्या बाई हसायला लागल्या, इतक्या की त्यांना काठीचा आधार घ्यावा लागला, आणि ती काठी इंदूताईंची होती. दोन्हीकडे गाड्या खोळंबल्या. कुणी हॉर्न वाजवला नाही.

मी उठून काचेवर थापा मारल्या. "ताई! इंदूताई!" सगळी बस माझ्याकडे बघायला लागली. काच जाड होती. त्यांनी वर बघितलं नाही. बोलणं संपवलं, दोघी सावकाश पलीकडच्या फुटपाथवर चढल्या, आणि बस सुटली.